गोदूबाईचा दाबलेला आवाज

चंदन सामंतने राहत्या घराच्या बेडरूममध्ये रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला तेव्हा त्याची बायको रुचिता हॉलमध्ये झोपायला तयार झाली, पण एका अटीवर. तिचं कपाट जागचं हलणार नव्हतं. त्यामुळे मीरा रोडच्या शांती नगरमधल्या त्या स्टुडिओत माणूस माइकसमोर उभा राहिला की त्याच्या पाठीला साड्यांच्या कपाटाची मूठ टोचायची. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर रजई टांगलेली, आणि सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की काम बंद. पंपाची घरघर गाद्यांनासुद्धा जुमानत नव्हती.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. त्याआधी चंदन अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत असिस्टंट होता. स्वतःचं काम सुरू केल्यावर त्याच्याकडे यायचे ते रिक्षावर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिरातींचे लोक. साड्यांचा सेल, दहावीचे क्लास, दातांचा दवाखाना. या कामासाठी त्याने एक जुना कॉम्प्रेसर मिळवला होता. कॉम्प्रेसर म्हटल्यावर शेजारच्या कापडियांना तो फ्रिजवाला वाटला आणि ते त्याला आपला फ्रिज बघायला घेऊन गेले, ते सोडा. हा आवाजाचा कॉम्प्रेसर होता. चपटा डबा, पुढे बटणांची रांग. आवाज ठरावीक मर्यादेच्या वर गेला की डबा त्याला खाली दाबायचा, आणि मग सगळाच आवाज उचलून वर आणायचा. ओरडणं आणि कुजबुजणं शेवटी एकाच उंचीवर. रिक्षाच्या भोंग्याला याहून चांगलं काही नाही.

कुठलं बटण कुठे ठेवलं की साड्यांचा सेल भर ट्रॅफिकमध्ये ऐकू जातो, हे चंदनने बरीच खटपट करून शोधलं होतं. सापडल्यावर त्याने रुचिताची लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येक बटणाशेजारी ठिपका दिला. त्यानंतर एकही बटण ठिपक्यावरून हललं नाही.

रुचिता बोरिवलीला विम्याच्या ऑफिसात होती. ती म्हणायची, “तुझ्याकडे कोणीही गायला येऊ दे, बाहेर पडताना त्याचा साड्यांचा सेल झालेला असतो.”

“प्रोफेशनल साउंड असाच असतो,” चंदन म्हणायचा.

त्या वर्षी लग्नसराईच्या आधी राई गावचा नाथा पाटील आपल्या आईला घेऊन त्याच्याकडे आला. नाथाची खाडीकाठची निम्मी शेती इमारतींखाली गेली होती आणि तो आता टेम्पो चालवायचा. आई गोदूबाई ही पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणायची ती हिने. पण गोदूबाईचे गुडघे आता धरायला लागले होते आणि सराईत एकाच दिवशी तीन तीन मांडव असायचे.

“आयेची शीडी काढू,” नाथा म्हणाला. “एका मांडवात आये, बाकीच्यांत शीडी. कोनी नाराज न्हाय.”

गोदूबाईला हे सीडीचं फारसं पटलेलं नव्हतं, पण पोराने टेम्पोचं भाडं सोडून दिवस काढला म्हणून ती आली होती. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली. तिने खोलीभर नजर फिरवली.

“सगल्या गाद्या भिंतीला. निजता कशावं?”

चंदनने तिला माइकसमोर स्टुलावर बसवलं. तिने तोंड उघडलं आणि मीटरचा काटा पार लाल रेघेपलीकडे जाऊन आपटला. तिचा आवाज चार अंगणांपलीकडच्या माणसासाठी तयार झालेला होता. चंदनने हात वर केले.

“आजी, जरा हळू.”

“हलू म्हनलं तर नवऱ्याच्या मामाला आयकू कसं जाल?”

“मामा इथं नाहीये ना आजी.”

“मंग मी गातंय कोनासाठी?” तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. समोर गादी होती.

शेवटी चंदन म्हणाला, तुम्ही हवं तसं गा, मशीन बघून घेईल. गोदूबाई गादीकडे बघून गायली, डब्याने तो आवाज नेलपॉलिशच्या ठिपक्यांप्रमाणे दाबला आणि तसाच कॉम्प्युटरमध्ये भरला. झालेलं ऐकून जा म्हटलं तर ती उठून उभी राहिली. “मी काय गायले ते मना ठाव हाय. मनाच काय आयकवतो?”

ती गेल्यावर चंदनने अगदी मन लावून काम केलं. आवाज इतका दाबून वर उचलला की गोदूबाईचा दर दोन ओळींमधला श्वाससुद्धा भात्यासारखा ऐकू यायला लागला. मग त्याने एकेक श्वास शोधून कापून टाकला. सीडी तयार झाली. एक बाई गुळगुळीत, तरुण आवाजात, अजिबात दम न घेता धवले म्हणत होती.

“ही जिवंत आहे ना?” रुचिताने कानाला हेडफोन लावून विचारलं.

पहिल्यांदा ती सीडी वाजली मोरवा गावात, नाथाच्या चुलत भावाच्या मुलीच्या हळदीला. तिथे गोदूबाई स्वतः गाणार होती. पण नाथाला वाटलं, आये यायच्या वेळेला सीडी लावून ठेवू, तिला मांडवाच्या दारातच स्वतःचा आवाज ऐकू आला की कशी खूश होईल. त्याने मोठे स्पीकर लावले आणि वाट बघत बसला.

गोदूबाई रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरली आणि जागीच थांबली. मांडवात कोणीतरी बाई धवला म्हणत होती. तिचाच धवला, तिच्याच चालीवर.

तिच्या डोक्यात एकच नाव आलं. हंसाबाई. मोरव्याचीच, तिच्यापेक्षा वयाने बरीच लहान, ही दुसरी धवलारीण. राई आणि मोरव्याच्या बायकांत या दोघींवरून कायम दोन तट होते. नाथाने आपल्याला म्हातारी समजून परस्पर हंसाला बोलावलं, असं गोदूबाईने गृहीत धरलं. ती कोणाशी न बोलता, गुडघे विसरून, तरातरा मांडवात शिरली, नवरीशेजारी फतकल मारून बसली आणि त्या आवाजावर आपला आवाज चढवला.

मांडवातल्या बायका गप्प झाल्या. पुरुष पानाच्या तबकापासून उठून आले. गोदूबाईने एक ओळ उचलली की ती बाई तिच्याबरोबरच उचलायची. गोदूबाई दम घ्यायला थांबली की ती बाई थांबायची नाही, पुढच्या ओळीला लागायची. मग गोदूबाई धावत तिला गाठायची. असं ते कडव्यामागून कडवं चाललं. नवरीला हळद लावणाऱ्या बायकांचा हात त्या वेगाबरोबर इतका जोरात चालायला लागला की नवरी म्हणाली, “सोलताव काय मना?”

नाथा स्पीकरशेजारी उभा होता. त्याला वाटलं, आये सीडीबरोबर हौसेने गातेय. त्याने आवाज आणखी वाढवला.

शेवटी धवला संपला. गोदूबाई घामाने निथळत होती. ती उठली आणि सरळ स्पीकरच्या मागे गेली.

“हंसा, भाएर ये! चोरून गातंस?”

मागे वायरी होत्या आणि एक कुत्रा. गोदूबाई वळली. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, जेवणाच्या पंगतीत, हंसाबाई बसली होती. तिच्या हातात तांदळाचा वडा होता आणि तोंडात दुसरा.

“तू हितं,” गोदूबाई म्हणाली, “तर मंग तितं कोन गाते?”

हंसाबाईचं तोंड भरलेलं असल्यामुळे तिने नुसते खांदे उडवले. सगळा मांडव नाथाकडे बघायला लागला.

“आये,” नाथा म्हणाला, “ती तूच हायस.”

मांडवात हशा पिकला. गोदूबाई हसली नाही. वडा गिळून हंसाबाई म्हणाली, “तुज्या नावाची शीडी व्हय ती? मना वाटलं, नाथानं मुंबयवरनं कोन शिकलेली बाय आनली.” आणि मग तीही इतकी हसली की तिला ठसका लागला.

दोन दिवसांनी चंदनच्या दाराची बेल वाजली. बाहेर गोदूबाई, आणि तिच्यामागे, गंमत बघायला आलेली, चक्क हंसाबाई. नाथा खाली टेम्पोतच बसून राहिला होता. वर यायचं धाडस त्याच्यात नव्हतं.

“पोरा,” गोदूबाई म्हणाली, “त्या बाईला भाएर काढ.”

“कुठल्या बाईला आजी?”

“त्या तुज्या डब्यातल्या.”

चंदनने दोघींना आत बसवून सगळं समजावून सांगितलं. आवाज वर गेला की डबा कसा खाली आणतो, खाली गेला की कसा उचलतो, म्हणजे सगळं कसं सारखं, स्वच्छ येतं.

“म्हंजे तू माजा आवाज दाबलास.”

“दाबला नाही आजी. कंट्रोल केला.”

“माजा आवाज कंट्रोल कराला माजी सासू व्हती. ती गेली. आता तू बसलास काय तिच्या जाग्यावं?”

हंसाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. गोदूबाई पुढे म्हणाली, “पाठवनीच्या धवल्यात शेवटाला मी आवाज खाली नेते. अगदी खाली. तितंच नवरीची आय रडते. तुज्या बाईनं आवाज खाली नेलाच न्हाय. काल दुसऱ्या मांडवात शीडी लावली, तर नवरीची आय बिचारी पदर हातात घेऊन वाट बगत ऱ्हायली, रडू कवा म्हनून.”

चंदनला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. त्या सीडीवर त्याने आठवडाभर जीव टाकला होता. पण गिऱ्हाईक नाराज होतं. आवाज दाबूनच भरला गेला होता, त्यामुळे तो आता सैल करता येणार नव्हता. पुन्हा गावं लागणार होतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “या वेळी डबा बंदच ठेवतो. एकदम नॅचरल.”

गोदूबाई गायली. चंदनने काहीही न दाबता, न उचलता, जसं आलं तसं तिला ऐकवलं. वरचे सूर तडकत होते. खालचे पंख्याच्या आवाजात बुडून जात होते. मधल्या सुरांत कंप होता, आणि दर ओळीनंतर कोणीतरी जिना चढून आल्यासारखं धापत होतं. गोदूबाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

“ही कोन म्हातारी?” तिने विचारलं.

“ही तूच,” हंसाबाई लगेच म्हणाली. तिने हे फार आनंदाने म्हटलं.

“मी एवडी कापते?”

“मंग? लोकं काय खोटं सांगतान?”

“पोरा, हिला पन भाएर काढ,” गोदूबाई म्हणाली.

चंदनने कपाळाला हात लावला. दाबलं तर परकी पोरगी, सोडलं तर म्हातारी. मधली गोदूबाई कुठे होती ते फक्त गोदूबाईला माहीत होतं, आणि तिला ते सांगता येत नव्हतं. ती नुसती म्हणायची, “ही न्हाय.”

त्याने पहिल्यांदाच बटणं नेलपॉलिशच्या ठिपक्यांवरून हलवली. मर्यादेचं बटण वर नेलं, म्हणजे डबा फक्त तिच्या सगळ्यात मोठ्या हाकेलाच हात लावेल. दाबायचा जोर पार कमी केला. मग त्याच्या लक्षात आलं, की डबा शब्द निघाल्या निघाल्याच त्याच्यावर झडप घालतोय, त्यामुळे तिच्या शब्दाला धारच राहत नाही. त्याने डब्याला जरा उशिरा दाबायला लावलं आणि दाबल्यावर सावकाश सोडायला. माइक तिच्या तोंडापासून दूर नेला. दर वेळी गोदूबाई एक कडवं गायची, चंदन ऐकवायचा, ती मान हलवायची.

“ही न्हाय.”

“आता?”

“ही जवल आली. पन ही सर्दी झालेली हाय.”

चंदनने हंसाबाईकडे पाहिलं. “मावशी, तुम्ही तरी सांगा. तुम्हाला काय वाटतं?”

“मना इचारतोस?” हंसाबाई सावरून बसली. “मंग आयक. हिचा आवाज हिच्यापेक्षा मना जास्ती ठाव हाय. ती तो आतून आयकते. मी इतकी वर्सं दुसऱ्या मांडवातून आयकतंय.”

गोदूबाईने चमकून तिच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात पंप सुरू झाला आणि काम थांबलं. त्याच वेळी रुचिता ऑफिसमधून आली. बेडरूममध्ये कपाटाला टेकून बसलेल्या दोन आगरी बायका आणि घामाघूम झालेला नवरा बघून तिने काही न विचारता चहा टाकला. चहा पिता पिता गोदूबाईने तिला विचारलं, “तुज्या लग्नात गानी कोनी म्हनली?”

“रजिस्टर लग्न केलं आजी. वांद्र्याला. सह्या केल्या आणि समोरच्या हॉटेलात इडली खाल्ली.”

“आन पाठवनी?”

“रिक्षाने आलो.”

गोदूबाईने कप खाली ठेवला. “पंप बंद झाला ना? पोरा, तुजी मशीन लाव. तू हितं बस गं माज्यासमोर.”

रुचिता पर्स खांद्यावर तशीच ठेवून बसली. या वेळी समोर गादी नव्हती. गोदूबाईने पाठवणीचा धवला उचलला तो मोठ्याने, सवयीने मांडवाच्या पार टोकाला लागेल असा, पण दुसऱ्या कडव्यापासून तिचा आवाज आपोआप खोलीच्या मापाचा झाला. चंदन डब्यावरच्या दाबाच्या काट्याकडे बघत होता. काटा मोठ्या हाकेला थोडासा हलायचा आणि परत यायचा, बाकी वेळ स्वस्थ. शेवटी तिने आवाज खाली नेला, आणखी खाली, जवळजवळ बोलण्याइतका. चंदनने वर पाहिलं तर रुचिता नाक पुसत होती.

“गाद्यांमधली धूळ,” ती म्हणाली. “किती वेळा सांगितलंय झटक म्हणून.”

चंदनने ते रेकॉर्डिंग लावलं. खोलीत गोदूबाईचा आवाज भरला. शब्द सुटे, ठसठशीत येत होते. दम ऐकू येत होता, पण धाप नव्हती. हंसाबाई डोळे मिटून ऐकत होती. हळूहळू तिच्या ओठांची रेघ घट्ट झाली, नाकपुड्या फुगल्या आणि ती हातातल्या बांगड्या मागेपुढे सरकवायला लागली.

“बास, बंद कर,” ती म्हणाली.

“काय झालं मावशी? नाही जमलं?”

“जमलं. आता मना राग याला लागला. ही तीच हाय. अश्शीच गाते मेली.”

गोदूबाईचा चेहरा असा फुलला, जसं काही इतक्या वर्षांत कोणी तिचं एवढं कौतुक केलं नसावं. तरी तिने लगेच होकार दिला नाही. रेकॉर्डिंग पुन्हा एकदा ऐकलं आणि चंदनला जवळ बोलावून, हंसाबाईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, “बरी हाय. पन दोन-चार वर्सं कमी कर.”

चंदनने दाबायचं बटण केसभर पुढे सरकवलं आणि खालचे सूर किंचित उचलले. गोदूबाईने कान दिला.

“हां,” ती म्हणाली. “ही मी. सकालची.”

मग बाकीचे धवले तसेच भरले. रुचिता तिथून उठली नाही. कधी ती नवरीची आई झाली, कधी करवली, एकदा तर नवऱ्याचा मामा.

जायच्या वेळी हंसाबाई दारात घोटाळली. गोदूबाई जिना उतरायला लागल्यावर तिने चंदनला हळूच विचारलं, “माजी पन शीडी करशील? पन मना ती पयली बाय कर. गुलगुलीत. मना आवडली ती.”

चंदन इतका भारावला होता, की त्याने पुढच्याच आठवड्यात साड्यांच्या सेलची जाहिरातही तशीच नैसर्गिक करून दिली. दुकानदार ती ऐकून म्हणाला, “भाई, ये तो आदमी बात कर रहा है. सेल किधर है?” चंदनने बटणं मुकाट्याने परत लाल ठिपक्यांवर नेली.

नवी सीडी मात्र चालली. सराईच्या शेवटी एकाच दिवशी राईला आणि मोरव्याला लग्न निघालं. मोरव्याला सीडी गेली. तिथून नाथाला फोन आला, की नवरीची आई जागच्या जागी रडली, वर नवऱ्याची आईही रडली, जिचं रडायचं काम नव्हतं.

राईच्या हळदीला गोदूबाईने चंदन आणि रुचिताला आग्रहाने बोलावलं होतं. चंदन सवयीने स्पीकर शोधायला लागला, तर तिथे स्पीकर नव्हताच. गोदूबाई मांडवाच्या मध्यभागी बसली होती. नवऱ्याला हळद लावून झाल्यावर पाहुण्यांची चेष्टा करायची गाणी सुरू झाली. मामाची झाली, आत्याची झाली, पोलिसातल्या जावयाची झाली. मग गोदूबाईने मान वळवली, दोघांकडे बघून डोळे बारीक केले आणि चार अंगणांपलीकडे जाईल अशा आवाजात ओळ टाकली:

“शांती नगरच्या चंदनाला गो, हलद लावा कानाला!”

बायकांनी ओळ झेलली. कोणीतरी हळदीचं ताट उचललं. चंदन उठून पळायला गेला, पण नाथाने त्याला मागून धरलं. दोन्ही कानांत कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत हळद भरली गेली. त्याला काहीच नीट ऐकू येईना, फक्त समोर रुचिता पोट धरून हसताना दिसत होती. तिच्याकडे बोट दाखवून गोदूबाई आता दुसरी ओळ जुळवत होती, आणि हळदीचं ताट रुचिताच्या दिशेने निघालं होतं.